नाताळ आणि एक रिकामी खुर्ची

घरातले माणूस गेल्यावर त्याचे दुःख रोजच्या दिवसांत विखुरलेले असते. ते अवचित भेटते. खुंटीवरच्या छत्रीत भेटते, चष्म्याच्या घरात भेटते, आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. सणाच्या दिवशी मात्र ते सारे एके ठिकाणी गोळा होते. एरवी घरात कोण केव्हा जेवले याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. सणाला पाने मांडायची असतात, आणि पाने मांडायची म्हणजे माणसे मोजायची असतात. ही मोजणी चुकते तेव्हा मांडणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो. ज्याने हे अनुभवले आहे त्याला अधिक सांगण्याची गरज नाही. ज्याने अजून अनुभवले नाही त्याला सांगून ते फारसे कळणार नाही. तरीही या विषयावर लिहावे असे वाटले, त्याला कारण आहे.

माझे वडील गेले तेव्हा मी एफ. वाय. ला होतो. त्यानंतरची पहिली दिवाळी आमच्या घरी झाली नाही. रिवाजाप्रमाणे कढई चुलीवर चढली नाही, आकाशकंदील माळ्यावरच राहिला. नरकचतुर्दशीच्या सकाळी शेजारच्या काकू फराळाचे ताट घेऊन आल्या. ताट त्यांनी ओट्यावर ठेवले, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या काही न बोलता बसून राहिल्या. पाच महिने सर्वांना धीर देणारी माझी आई त्या ताटातल्या चकल्या पाहून रडली. पुढे डिसेंबरात इंग्रजीच्या तासाला सरांनी टेनिसनच्या 'इन मेमोरियम' या दीर्घ काव्याची ओळख करून दिली आणि सहज म्हणून सांगितले, की या काव्यात मित्राच्या मृत्यूनंतरचे तीन नाताळ आले आहेत. बाकीचे व्याख्यान मला आठवत नाही. ते तीन नाताळ मात्र मी ग्रंथालयात बसून वाचले. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या, आपला धर्म, भाषा, हवा यांपैकी काहीही नसलेल्या एका घरात पहिला सण कसा झाला असेल, हे मला जाणून घ्यायचे होते. त्या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडीत आहे.

नाताळ हा मूळचा चर्चमधला सण. येशूच्या जन्माचा उत्सव म्हणून त्याचे स्थान उपासनेत आहे. परंतु आज आपण चित्रांतून आणि चित्रपटांतून जो नाताळ ओळखतो, म्हणजे शेकोटीभोवती जमलेले कुटुंब, सजवलेले झाड, भेटी, शुभेच्छापत्रे आणि मोठे जेवण, तो बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडला. १८४३ च्या डिसेंबरात चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' ही छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी हेन्री कोल या गृहस्थांनी पहिले छापील शुभेच्छापत्र काढले. त्यावरचे मुख्य चित्र मेजाभोवती बसलेल्या एका कुटुंबाचेच होते. १८४८ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र आले, आणि झाडाची जर्मन चाल इंग्लंडच्या घराघरांत पसरली. उत्तरेकडचा हिवाळा असा की डिसेंबरच्या अखेरीस चारच्या सुमारास सूर्य मावळतो. अशा लांबलचक अंधाऱ्या संध्याकाळी सगळे नातलग एका दिव्याखाली येतात, हा या सणाचा गाभा झाला.

आणि याच घरांत त्या काळी मृत्यूची ये-जा फार होती. इंग्लंडमध्ये जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे दीडशे मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. क्षय, देवी, घटसर्प, पटकी यांवर खात्रीचा इलाज नव्हता. तेव्हा कुटुंबाने एकत्र जमायचे असा सण आणि कुटुंबातून माणसे गळत राहण्याचा हा काळ, दोन्ही एकमेकांशेजारी नांदत होते. नाताळच्या आनंदाला त्या काळच्या लेखकांनी दुःखाची किनार लावली ती केवळ भावुकतेपोटी नव्हे. ती किनार प्रत्येक घरात होतीच.

'कॅरोल'मध्ये स्क्रूज या कंजूष म्हाताऱ्याला तीन भुते अनुक्रमे भूत, वर्तमान आणि भविष्यकाळातले नाताळ दाखवतात, ही कथा आपल्यापैकी अनेकांना शाळेपासून माहीत आहे. स्क्रूजच्या कारकुनाचा, बॉब क्रॅचिटचा, टिम नावाचा एक पांगळा मुलगा त्यात आहे. वर्तमानातला नाताळ दाखवणारे भूत स्क्रूजला सांगते, की काही बदलले नाही तर पुढे या शेकोटीच्या कोपऱ्यात मला एक रिकामी जागा दिसते, आणि मालकावाचून जपून ठेवलेली एक कुबडी दिसते. मुलगा मरेल असेही ते पुढे सांगते. पण आधी जागा आणि कुबडी सांगितली आहे. दुःख माणसाच्या वस्तूला आणि त्याच्या बसण्याच्या ठिकाणाला कसे चिकटून राहते, हे डिकन्सला ठाऊक होते.

पुढे ते त्याच्या स्वतःच्या घरात आले. त्याची थोरली बहीण फॅनी १८४८ साली क्षयाने वारली. तिचा अधू मुलगा, ज्याच्यावरून टिमचे पात्र सुचले असे मानले जाते, तोही पाठोपाठ गेला. १८५१ च्या मार्चअखेर डिकन्सचे वडील वारले. नंतर दोनच आठवड्यांनी, १४ एप्रिल रोजी, तो लंडनमध्ये नाटकमंडळींच्या मदतनिधीच्या भोजनप्रसंगी भाषण करीत असताना घरी त्याची डोरा ही आठ महिन्यांची मुलगी गेली. भाषण पुरे होईपर्यंत ती बातमी मित्रांनी त्याच्यापासून लपवून ठेवली होती.

त्याच वर्षीच्या नाताळसाठी आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकाच्या विशेष अंकात डिकन्सने एक छोटा निबंध लिहिला. वय वाढत जाते तसतसा नाताळचा अर्थ काय होत जातो, हा त्याचा विषय. लहानपणी नाताळ एका वर्तुळात मावतो. त्या वर्तुळाबाहेर काही नसते. मोठेपणी मात्र जे होऊ शकले नाही तेही त्या दिवशी आठवते. जुळले नाही ते प्रेम, लाभले नाही ते यश. डिकन्स म्हणतो की यांतल्या कशालाही दाराबाहेर ठेवू नका. आणि मग तो मृतांकडे वळतो. त्यांना या एका दिवशी बाहेर ठेवायचे का, असे विचारून तो स्वतःच ठामपणे नाही म्हणतो. या दिवशी शेकोटीभोवती त्यांनाही जागा आहे, अशी त्याची भूमिका आहे. आठ महिन्यांपूर्वी मूल पुरलेल्या बापाने हे लिहिले आहे, हे लक्षात ठेवून तो निबंध वाचला पाहिजे.

डिकन्सने उत्तर दिले; पण ते उत्तर प्रत्यक्ष सणाच्या रात्री कसे पेलते, हे पाहायचे तर टेनिसनकडे जावे लागते.

आर्थर हेन्री हॅलम हा टेनिसनचा केंब्रिजमधला जिवलग मित्र, आणि बहिणीचा, एमिलीचा, नियोजित वर. वडिलांबरोबर युरोपच्या प्रवासात असताना १५ सप्टेंबर १८३३ रोजी व्हिएन्नात, हॉटेलच्या खोलीत, मेंदूच्या विकाराने त्याला अकस्मात मृत्यू आला. वय २२. फिरून आलेल्या वडिलांना प्रथम वाटले की मुलाचा डोळा लागला आहे. त्याचा देह त्रिएस्ते बंदरातून जहाजाने इंग्लंडला आणला गेला आणि ३ जानेवारी १८३४ रोजी क्लीव्हडनच्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. लिंकनशायरमधल्या सॉमर्सबी गावी टेनिसन कुटुंबाने जो पहिला नाताळ पाळला, त्या दिवशी हॅलमला अजून मातीही मिळालेली नव्हती. टेनिसनचे वडील त्या गावचे धर्मगुरू होते. तेही दोन वर्षांपूर्वी, १८३१ साली, निवर्तले होते. घरात आई, भावंडे आणि लग्नाआधीच वैधव्य आल्यासारखी झालेली एमिली.

या मित्राच्या स्मरणार्थ टेनिसन सतरा वर्षे तुकड्यातुकड्यांनी लिहीत राहिला आणि १८५० साली ते १३१ भागांचे काव्य, आपले नाव न घालता, त्याने प्रसिद्ध केले. त्यातले तीन नाताळ हे त्या प्रवासातले मैलाचे दगड आहेत.

पहिल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी आसपासच्या चार खेड्यांतल्या चर्चच्या घंटा धुक्यातून एकमेकींना उत्तरे देताना कवी ऐकतो. या वर्षी सकाळी जागच येऊ नये, असे त्याला अनेकदा वाटून गेले आहे. पण त्या घंटा लहानपणापासूनच्या ओळखीच्या. त्या त्याला आवरून धरतात. घरात प्रश्न उभा राहतो की या वर्षी हॉलीच्या डहाळ्यांची तोरणे करायची का? शेवटी करतात, कारण दरवर्षी करतात. पण बोटे कापत असतात. मग खेळ होतात, आनंदाचा आव आणला जातो, आणि कोणी एक मुकी छाया सगळीकडे आपल्याकडे पाहत आहे असे प्रत्येकाला वाटत राहते. अखेरीस सारे हात धरून गोल बसतात आणि गेल्या वर्षी त्याच्याबरोबर गायलेले एक आनंदाचे गाणे गातात. गाणे संपते आणि सर्वांना रडू येते. रडून झाल्यावर आवाज मोकळे होतात आणि मृतांच्या निद्रेविषयी, अमरत्वाविषयी ते पुन्हा गातात.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आव आणलेला आनंद टिकला नाही. पण त्या खेळांना आणि गाण्याला बसल्यामुळेच सगळे एकत्र रडू शकले. प्रत्येकजण आपापल्या खोलीत राहिला असता तर तसे झाले नसते.

दुसऱ्या नाताळला बाहेर शांत बर्फ पडले आहे. तोरणे पुन्हा बांधली जातात. शेकोटीत मोठा ओंडका जळतो. जुने खेळ होतात, त्यांत आपल्या आंधळ्या कोशिंबिरीसारखाही एक खेळ आहे. कोणाच्याही डोळ्यांत पाणी येत नाही. घरात फक्त काहीतरी हरवल्याची शांत जाणीव आहे. आणि याच क्षणी कवी घाबरतो. रडू आले नाही याचा अर्थ दुःख संपले काय? संपले असेल तर प्रेमही संपले काय? मला वाटते, दुःख भोगणाऱ्या प्रत्येकाला ही भीती एकदा तरी वाटते. आपण हसलो की अपराधी वाटते. विसरलो की काय, असे वाटते. टेनिसनचे उत्तर असे, की दुःख गेलेले नाही; ते माणसाच्या घडणीत मुरले आहे. आटले आहेत ते अश्रू.

तिसरा नाताळ परक्या जागी आहे. १८३७ साली धर्मगुरूंचे घर सोडून टेनिसन कुटुंबाला एपिंगच्या जंगलाजवळच्या हाय बीच या ठिकाणी राहायला जावे लागले. (काव्यातले तीन नाताळ म्हणजे पंचांगातली सलग तीन वर्षे नव्हेत, हे यावरून कळते.) तेथे टेकडीखालच्या एकाच चर्चच्या घंटा ऐकू येतात आणि त्या ओळखीच्या नाहीत. वडिलांची कबर मागे राहिली, तिच्यावर दुसरीकडचे बर्फ पडत असेल. या वर्षी तोरणे नकोत, नाच नको, खेळ नको, असे घर ठरवते. जागा बदलली, काळ पुढे गेला, आता जुन्या रीतीचा केवळ सांगाडा उभा करण्यात अर्थ नाही. ती रात्र ते गंभीरपणे, शांतपणे पाळतात. आणि लगेच पुढच्या भागात नववर्षाच्या घंटा येतात. त्या जुने घालवून नव्याला आत घ्यायला सांगतात.

पहिल्या वर्षी रीत घट्ट धरून ठेवली. दुसऱ्या वर्षी ती शांतपणे पाळली. तिसऱ्या वेळी जाणूनबुजून सोडली. या तिन्हींपैकी कोणतेही एक सर्वांसाठी बरोबर, असे टेनिसन म्हणत नाही. रीत पाळायची की नाही हा निर्णय घरातल्या सगळ्यांनी मिळून घेतला, एवढे मात्र तिन्ही ठिकाणी दिसते.

याच काव्याची एक वाचक म्हणजे राणी व्हिक्टोरिया. तिचा पती प्रिन्स अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी, नाताळच्या अवघे अकरा दिवस आधी, विंडसर येथे वारला, वय ४२. ज्याने झाडाची चाल घरोघर नेली त्याच्याच घरात त्या वर्षी सण कसला! राणी मुलांना घेऊन वाइट बेटावरच्या ऑसबोर्नच्या घरी गेली. पुढे एप्रिल १८६२ मध्ये तिने टेनिसनला तेथे भेटीस बोलावले आणि 'इन मेमोरियम'ने आपल्याला मोठा आधार दिला असे सांगितले. पण काव्यातला तिसरा नाताळ तिच्या वाट्याला आला असे दिसत नाही. अल्बर्टची खोली होती तशी ठेवण्यात आली. त्याचे कपडे आणि गरम पाणी नेहमीप्रमाणे मांडले जात राहिले. राणीने १९०१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, काळी वस्त्रे सोडली नाहीत. तिला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. राज्यकारभाराची कागदपत्रे ती पाहतच होती. तरी जागा जशीच्या तशी ठेवणे आणि जागा देणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे तिच्या उदाहरणावरून उमगते.

मानसशास्त्र या विषयावर काय म्हणते? १९१७ साली सिग्मंड फ्रॉइडने शोक आणि विषण्णता यांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन एकेका आठवणीपासून हळूहळू सोडवून घेणे, हे शोकाचे काम. ते पुरे झाले की मन पुन्हा मोकळे होते, असा त्याचा आशय. पण १९२० च्या जानेवारीत इन्फ्लुएंझाच्या साथीत फ्रॉइडची मुलगी सोफी गेली. पुढे १९२९ मध्ये, पुत्रशोकात असलेल्या ल्युडविग बिन्सवांगर या स्नेह्याला त्याने पत्र लिहिले, ते नेमके सोफीच्या वाढदिवसाच्या सुमारास. त्यात तो कबूल करतो, की तीव्र शोक ओसरतो खरा, परंतु गेलेल्याची जागा पूर्णपणे कशानेही भरत नाही, आणि ते तसेच असायला हवे. प्रेम चालू ठेवण्याचा तोच मार्ग आहे. शास्त्रज्ञाने जे लिहिले ते बापाने बारा वर्षांनी दुरुस्त केले, असे म्हणायला हरकत नाही.

१९६९ साली एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी नकार, संताप, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार अशा पाच अवस्था सांगितल्या. त्या आज सर्वांच्या तोंडी आहेत. परंतु त्यांचे मूळ पुस्तक मृत्यूच्या दारी असलेल्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांवर आधारलेले होते. शोक करणाऱ्याने या पाच पायऱ्या क्रमाने चढल्याच पाहिजेत, असा नियम त्यातून काढणे बरोबर नाही. १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या एका ग्रंथाने असे मांडले, की मृताशी असलेले नाते तोडणे हे शोकाचे उद्दिष्ट नसते. नाते रूप बदलून चालू राहते, आणि त्यात काही विकृत नाही. १९९९ साली मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी आणखी एक उपयुक्त कल्पना मांडली. शोकात असलेला माणूस दोन टोकांमध्ये येरझारा घालतो. कधी तो दुःखाला सामोरा जातो, तर कधी त्यापासून बाजूला होऊन बाजारहाट, परीक्षा, घरभाडे यांत गुंततो. ही येरझार म्हणजे दुबळेपणा नव्हे. निरोगी शोकाची चालच तशी असते.

आता टेनिसनच्या घरातला पहिला नाताळ पुन्हा आठवा. खेळ, मग मुकी छाया, मग गाणे, मग अश्रू, मग पुन्हा गाणे. शास्त्राने १९९९ मध्ये नाव दिले ती येरझार तेथे एका संध्याकाळीत घडली होती.

सणालाच आठवणी का दाटून येतात, याचेही कारण अवघड नाही. एकच वास, एकच गाणे, एकच काम वर्षातून एकदाच त्याच क्रमाने परत येते. रोजच्या गोष्टींना नव्या सवयींचे थर चढतात आणि त्या बोथट होतात. सणाच्या गोष्टी वर्षभर बंद पेटीत असतात; म्हणून पेटी उघडताच त्या कालच्यासारख्या ताज्या निघतात. त्यातून ज्याचे काम त्याच्या नावावर असते, म्हणजे झाडाच्या शेंड्यावर तारा लावणे, मोठे भाजलेले मांस कापणे, सर्वांच्या वतीने प्रार्थना म्हणणे, तो माणूस गेला की ते काम अडून बसते. आता हे कोणी करायचे, या प्रश्नाला घरात कोणी तोंड फोडत नाही, आणि सगळे त्याचाच विचार करीत असतात.

निरनिराळ्या देशांच्या रीतींनी या प्रश्नावर आपापले तोडगे काढलेले आहेत. फिनलंडमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी कुटुंबे कबरस्तानात जातात आणि आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. बर्फात सबंध दफनभूमी उजळून निघते. घरचा सण त्यानंतर पुढे चालतो. पोलंडमध्ये त्या रात्रीच्या जेवणाला मेजावर एक पान जादा मांडतात. ते अनपेक्षित पाहुण्यासाठी असते, आणि अनेक घरांत ते गेलेल्या माणसाच्या आठवणीचेही असते. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा येथील अनेक चर्चमध्ये अलीकडच्या काही दशकांत २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत लांब रात्री, शोकग्रस्तांसाठी निराळी उपासना होते. तिला 'ब्ल्यू ख्रिसमस' असेही म्हणतात. तेथे कोणी आनंदी दिसण्याची अपेक्षा नसते.

पोर्तुगालमध्ये नाताळच्या आदल्या रात्रीच्या भोजनाला 'कोन्सुआदा' म्हणतात, आणि त्या रात्री मृतात्म्यांसाठी मेजावर जागा किंवा अन्न ठेवण्याची जुनी चाल तेथे आहे. हाच शब्द पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला आणि तेथे त्याचा अर्थ झाला शेजारीपाजारी वाटायचे गोडधोड: नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, कुलकुल. ज्या घरी वर्षभरात कोणी गेले असेल त्या घरी हे पदार्थ करीत नाहीत. शेजारी मात्र आपले ताट त्या घरी आवर्जून पोहोचवतात. हे मी वाचले तेव्हा आमच्या ओट्यावरचे ते चकल्यांचे ताट माझ्या डोळ्यांपुढे आले. दोन धर्म, दोन सण. पण रीत अगदी एक. दुखवट्याच्या घराने सण करायचा नाही, आणि त्या घराला सणाबाहेर मात्र ठेवायचे नाही. घराला शोकाची मोकळीक मिळते आणि शेजाऱ्यांना काहीतरी करायला मिळते. काय बोलावे हे न सुचणाऱ्या माणसाला हाती ताट असणे, ही केवढी सोय आहे!

मग आपण, विद्यार्थ्यांनी, यातून काय घ्यावे? आपल्या वर्गात, वसतिगृहात दर वर्षी कोणी ना कोणी असा असतो की ज्याच्या घरचा पहिला सण असतो. तो नाताळ असेल, ईद असेल, दिवाळी असेल. सुटी लागली की आपण त्याला 'मजा कर' म्हणून निरोप देतो, किंवा विषय टाळतो. टाळण्यामागे बहुधा भीती असते, की नाव काढले तर त्याला आठवण होईल. त्याला आठवण झालेलीच असते. नाव घेतल्याने निदान ती एकट्याची राहत नाही. 'आता विसर' असे कोणाला म्हणू नये. गेलेल्या माणसाचे सणातले काम कोण करणार, हे घरात आधीच बोलून ठेवावे. ऐनवेळी त्या रिकामेपणावर ठेचकाळणे टळते. काही रीती ठेवाव्यात, एखादी बदलावी, एखादी या वर्षी सोडावी. सोडलेली पुढच्या वर्षी पुन्हा धरता येते. लहान मुलांना सण हवा असतो आणि मोठ्यांना नको असतो, त्यांच्यात मध्यम मार्ग काढावा. हसू आले तर हसावे. आणि कोणाचा शोक वर्ष उलटले तरी त्याला जेवू, झोपू, अभ्यास करू देत नसेल, तर त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरकडे न्यावे. लांबलेल्या तीव्र शोकाला २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे. त्यावर उपचार होतात. मात्र सणाला डोळे भरून येणे हा आजार नव्हे.

डिकन्स म्हणतो त्याप्रमाणे गेलेल्यांना जागा द्यावी, हे मला पटते. फक्त ती जागा कोणती, हे प्रत्येक घराला आपले आपण शोधावे लागते, आणि एका वर्षात ते सापडते असे नाही.

आमच्या घरी दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली. आईने कढई चढवली. पहिली चकली मोडली, दुसरी जमली. वसुबारसेच्या संध्याकाळी माळ्यावरचा आकाशकंदील काढायची वेळ आली तेव्हा आम्ही दोघेही काही बोललो नाही. ते काम वडिलांचे होते. दोरीला कोणती गाठ मारायची हे त्यांनाच ठाऊक होते. मी स्टुलावर चढलो. माझी गाठ दोनदा सुटली. खालून आई म्हणाली, "तेसुद्धा दोनदाच बांधायचे रे." आणि आम्ही दोघे हसलो. नंतर आत जाऊन आईने डोळे पुसले असावेत, कारण बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलेले होते. तिच्या हातात शेजारच्या काकूंना द्यायचे फराळाचे ताट होते.